हसू आणि सिद्धान्त : ‘निनोच्का’ या चित्रपटाची ओळख

१. प्रस्तावना

प्रेमकथा म्हटली की प्रेमिकांच्या वाटेत काहीतरी आडवे येते. कधी जात आडवी येते, कधी गरिबी-श्रीमंती, तर कधी दोन घराण्यांचे वैर. अशा अडथळ्यांच्या कथा तुम्ही वाचल्या असतील, पाहिल्या असतील. परंतु दोन माणसांची राजकीय मतेच परस्परविरोधी असतील तर? जात किंवा श्रीमंती माणसाला बहुधा जन्माने मिळते. राजकीय विचार मात्र त्याने समजून-उमजून स्वीकारलेला असतो. कधी त्यासाठी त्याने हालअपेष्टाही सोसलेल्या असतात. असा विचार प्रेमासाठी सोडून दे, असे सांगणे म्हणजे त्या माणसाला त्याचे स्वत्वच सोडायला सांगणे होय.

हा गंभीर प्रश्न एका विनोदी चित्रपटाने हाती घेतला. त्याचे नाव ‘निनोच्का’. १९३९ साली अमेरिकेत हॉलिवूडमध्ये तयार झालेला हा कृष्णधवल चित्रपट आजही जगातील उत्तम प्रणय-विनोदी चित्रपटांमध्ये गणला जातो. या पाठात आपण त्याची ओळख करून घेणार आहोत आणि त्या निमित्ताने विनोदाचे काही प्रकारही समजून घेणार आहोत.

२. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• ‘निनोच्का’ या चित्रपटाचे कथानक थोडक्यात सांगणे.
• या कथानकामागील ऐतिहासिक परिस्थिती स्पष्ट करणे.
• शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ विनोद यांतील फरक ओळखणे.
• उपहास आणि परिहास यांतील भेद सांगणे.
• एखाद्या कलाकृतीचे गुण आणि मर्यादा यांविषयी स्वतःचे मत मांडणे.

३. पार्श्वभूमी

१९१७ साली रशियात क्रांती झाली. झारची सत्ता संपली आणि साम्यवादी राजवट आली. सरदार-उमरावांच्या जमिनी, वाडे, जडजवाहीर सरकारजमा झाले. अनेक उमराव देश सोडून गेले. त्यांतील पुष्कळांनी पॅरिस गाठले. काल ज्यांच्या घरी नोकरांचा ताफा होता, त्यांतले कितीतरी लोक पॅरिसमध्ये टॅक्सी चालवू लागले, हॉटेलांत वेटरची कामे करू लागले.

इकडे नव्या सोव्हिएत सरकारला यंत्रसामग्रीची निकड होती. ती परदेशातून आणायची तर परकीय चलन हवे. त्यासाठी सरकारने राजघराण्याकडून जप्त केलेले काही दागिने आणि संग्रहालयातील मौल्यवान चित्रे परदेशी ग्राहकांना विकली. १९२७ साली लंडनमध्ये अशा दागिन्यांचा लिलाव झाला होता. ‘निनोच्का’ची कथा काल्पनिक आहे, परंतु तिचा पाया असा वास्तवात रोवलेला आहे.

चित्रपटाचे दिग्दर्शक अर्न्स्ट ल्युबिच हे मूळचे बर्लिनचे. मेल्कियोर लेंग्येल या हंगेरियन लेखकाच्या कथेवरून चार्ल्स ब्रॅकेट, बिली वाइल्डर आणि वॉल्टर राइश यांनी पटकथा लिहिली. यांपैकी वाइल्डर हे ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. राजकारण माणसाचे घर कसे हिरावून घेते, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच या चित्रपटातील हसण्याला एक खोल किनार आहे.

४. कथानक

सोव्हिएत सरकारचे तीन प्रतिनिधी जप्त केलेले दागिने विकण्यासाठी पॅरिसला येतात. त्यांची नावे इरानॉफ, बुल्यानॉफ आणि कोपाल्स्की. साध्या हॉटेलात उतरावे असे त्यांचे कर्तव्य सांगते. पण शहरातील सर्वांत आलिशान हॉटेलचे दार त्यांना खुणावत असते. अखेर ते तेथील राजेशाही दालन घेतात. कारण? दागिन्यांना पुरेशी मोठी तिजोरी फक्त तिथेच आहे! मोहाला तत्त्वाचे वस्त्र कसे नेसवावे, याचा हा पहिला मासला.

त्या हॉटेलातला एक वेटर पूर्वाश्रमीचा रशियन उमराव असतो. तो दागिने ओळखतो आणि त्यांच्या जुन्या मालकिणीला, ग्रँड डचेस स्वाना हिला, खबर देतो. स्वानाचा मित्र काउंट लिऑन हा देखणा, बोलघेवडा आणि कोणतेही काम न करणारा गृहस्थ. तो विक्रीला न्यायालयाची मनाई आणतो आणि त्या तिघांना शॅम्पेन व मेजवान्या यांच्या नादी लावतो. व्यवहार अडला असे पाहून मॉस्कोहून खास दूत पाठवला जातो. तो दूत म्हणजे एक स्त्री असते : निना इवानोव्ना याकुशोवा, अर्थात निनोच्का.

निनोच्का साधा पोशाख करते, मोजके बोलते, कधी हसत नाही. स्टेशनवर हमाल तिची बॅग उचलू लागतो, तेव्हा दुसऱ्याचे ओझे तू का वाहावेस, असे ती त्याला विचारते. हा माझा धंदा आहे, असे तो म्हणतो. हा धंदा नव्हे, सामाजिक अन्याय आहे, असे ती बजावते. त्यावर हमालाचे उत्तर असे की, ते बक्षिशी किती मिळते त्यावर अवलंबून आहे! हॉटेलात एक चमत्कारिक आकाराची टोपी मांडलेली तिला दिसते. स्त्रियांना असल्या टोप्या घालू देणारी संस्कृती फार काळ टिकणार नाही, असा निर्वाळा ती देऊन टाकते.

आयफेल टॉवरचा तांत्रिक दृष्टीने अभ्यास करायला निघालेल्या निनोच्काची आणि लिऑनची रस्त्यात गाठ पडते. ती कोण हे त्याला ठाऊक नाही, तो कोण हे तिला ठाऊक नाही. दोघे एकमेकांकडे ओढले जातात. आपण एकाच खटल्यातील प्रतिपक्ष आहोत, हे त्यांना एका दूरध्वनीमुळे कळते आणि निनोच्का तत्काळ निघून जाते.

लिऑन तिच्या मागोमाग कामगारांच्या एका स्वस्त खानावळीत जातो. तिला हसवण्यासाठी तो एकामागून एक विनोद सांगतो. ती ढिम्म राहते. वैतागलेला लिऑन खुर्चीत मागे रेलतो, त्याचा तोल जातो आणि टेबल, भांडी यांसह तो धाडकन कोसळतो. सारी खानावळ हसू लागते. निनोच्काही हसते, अगदी पोट धरून हसते. लिऑन आधी रागावतो आणि मग स्वतःही त्या हसण्यात सामील होतो.

येथून दोघेही बदलू लागतात. निनोच्का ती चमत्कारिक टोपी गुपचूप विकत घेते. लिऑन कार्ल मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ वाचू लागतो आणि आपल्या नोकराला समतेचे महत्त्व सांगू पाहतो. नोकर मात्र घाबरतो. आयुष्यभर पै-पै करून साठवलेली पुंजी या उधळ्या मालकाबरोबर वाटून घ्यावी लागेल, ही कल्पनाच त्याला सहन होत नाही!

एका रात्री शॅम्पेन प्यायलेली निनोच्का म्हणते की, मी आदर्शाशी द्रोह केला आहे, मला शिक्षा व्हायला हवी. लिऑन तिचे डोळे बांधून तिला भिंतीशी उभी करतो आणि शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडवतो. तो आवाज बंदुकीचा समजून ती हळूच खाली कोसळते. मग साऱ्या जगाला उद्देशून ती भाषण करते. क्रांती येणार आहे, बॉम्ब पडणार आहेत, हे ती जाणते. पण ते सारे इतक्यात नको, आम्हांला आमचा आनंदाचा क्षण मिळू द्या, एवढेच तिचे मागणे असते.

दुसऱ्या दिवशी कळते की तिजोरीतील दागिने स्वानाने पळवून आणवले आहेत. स्वाना तिच्यापुढे पेच टाकते : तू आजच मॉस्कोला निघून जा, म्हणजे मी दागिन्यांवरचा हक्क सोडते, नाहीतर खटला लांबत जाईल. खटला लांबला तर देशबांधवांच्या भाकरीला उशीर होईल, हे निनोच्का जाणते. ती प्रेमाचा निरोप घेते आणि परत जाते.

मॉस्कोत ती एका दाटीवाटीच्या खोलीत राहते. एके संध्याकाळी ते तिघे जुने सहकारी जेवायला येतात. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे एक अंडे आणलेले असते. त्या अंड्यांचे मिळून ऑम्लेट होते आणि पॅरिसच्या आठवणी निघतात. तेवढ्यात लिऑनचे पत्र येते. सरकारी तपासनिसाने त्यातला मायना आणि सही एवढे सोडून सर्व मजकूर काळा केलेला असतो. पण आठवणींवर कोणालाही शाई फासता येत नाही, याची जाणीव तिला एका मित्राच्या बोलण्यातून होते.

लिऑनला रशियात येण्याचा परवाना मिळत नाही. तेव्हा तो वेगळी युक्ती योजतो. ते तिघे आता कातडी विकण्यासाठी कॉन्स्टॅन्टिनोपलला गेलेले असतात. त्यांच्या उधळेपणाची निनावी तक्रार मॉस्कोला पोहोचते. त्यांनी हॉटेलच्या खिडकीतून गालिचा खाली फेकला आणि तो उडत नाही म्हणून व्यवस्थापकाकडे तक्रार केली, असेही त्यात नमूद असते! चौकशीसाठी निनोच्काला पाठवले जाते आणि तेथे तिला लिऑन भेटतो. तू राहिली नाहीस तर मी जगभर तुझ्या देशाचे दूत असेच बिघडवत राहीन, अशी गोड धमकी तो देतो. ती राहते. तिघांनी तेथे उपाहारगृह काढलेले असते. शेवटच्या दृश्यात त्यांपैकी कोपाल्स्की दारासमोर निषेधाचा फलक घेऊन फेऱ्या घालताना दिसतो. दोघा भागीदारांनी त्याच्यावर अन्याय केला, ही त्याची तक्रार. भांडवलदार होऊन चार दिवस होत नाहीत तोच संप सुरू झाला!

पाठगत प्रश्न १

(अ) तिघा प्रतिनिधींनी राजेशाही दालन घेण्यासाठी कोणते कारण पुढे केले?
(आ) निनोच्का मॉस्कोला परत का गेली?
(इ) लिऑनच्या पत्रातील कोणता भाग वाचता येत होता?

५. विनोदाचे स्वरूप

विनोदाच्या मुळाशी विसंगती असते. जे अपेक्षित असते आणि जे प्रत्यक्षात घडते, त्यांतील अंतर आपल्याला हसवते. या चित्रपटात ती विसंगती तीन प्रकारांनी दिसते.

शब्दनिष्ठ विनोद : हा शब्दांच्या खेळातून, अनपेक्षित उत्तरातून निर्माण होतो. ‘ते बक्षिशीवर अवलंबून आहे’ हे हमालाचे उत्तर या प्रकारात मोडते.

स्वभावनिष्ठ विनोद : हा व्यक्तीच्या स्वभावातील विसंगतीतून निर्माण होतो. समतेची कल्पना ऐकून मालकाऐवजी नोकरच घाबरतो, याचे उदाहरण आपण पाहिले.

प्रसंगनिष्ठ विनोद : हा घटनेतून निर्माण होतो. लिऑन खुर्चीवरून पडतो, तो प्रसंग असा आहे.

आता खानावळीच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. लिऑनचे शब्दनिष्ठ विनोद निनोच्काला हसवू शकत नाहीत. ते सांगताना तो वरचढ असतो. तो चतुर आहे आणि तिने त्याच्या चातुर्याला दाद द्यावी, अशी त्याची अपेक्षा असते. तो पडतो तेव्हा मात्र त्याचा दिमाख मोडतो. उमराव असो वा मजूर, पडणाऱ्याचे पाय सारखेच वर जातात! ज्या समतेवर निनोच्काची श्रद्धा आहे, ती तिला त्या क्षणी ग्रंथात नव्हे, तर खानावळीच्या फरशीवर दिसते. म्हणून तिचे हसणे म्हणजे तिच्या विचाराचा पराभव नव्हे. त्या हसण्यात आधी लिऑनचा अहंकार पडतो आणि मग तिचा ताठरपणा वितळतो.

येथे उपहास आणि परिहास यांतील भेद लक्षात घ्या. उपहासात आपण दुसऱ्याला हसतो. आपण वर असतो, तो खाली असतो. परिहासात आपण दुसऱ्याबरोबर हसतो. त्या हसण्यात आपणही असतो. लिऑन पडल्यावर प्रथम जे हसू उमटते, ते उपहासाच्या जवळचे आहे. तो स्वतः हसू लागतो त्या क्षणी त्याचा परिहास होतो. प्रेमही तिथूनच सुरू होते.

पाठगत प्रश्न २

(अ) विनोदाच्या मुळाशी काय असते?
(आ) उपहास आणि परिहास यांतील एक फरक लिहा.

६. कोण कोणासाठी झुकले?

या चित्रपटात प्रेम जिंकते. पण विचारांचे काय होते? हा प्रश्न टाळून चालणार नाही.

लिऑन आपले ऐषआरामी, परावलंबी जीवन सोडतो आणि स्वानाशी असलेले नाते तोडतो. निनोच्का आपला देश सोडते. वरवर पाहता दोघांचा त्याग सारखा वाटतो. परंतु लिऑनला जे सोडावे लागले ते सोडण्याजोगेच होते. निनोच्काला जे सोडावे लागले ते तिचे सर्वस्व होते. म्हणून अखेरीस पारडे एका बाजूला झुकते, असे म्हणावे लागते.

चित्रपट साम्यवादी राजवटीची थट्टा अधिक करतो. त्या काळी मॉस्कोत विरोधकांवर खटले भरून त्यांना देहदंड दिला जात होता. १९३६ ते १९३८ या काळातील त्या भीषण घटनांवरही चित्रपटात एक बोचरा विनोद आहे. परंतु दुसरी बाजूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. ऐतखाऊ उमराव, दागिन्यांसाठी हळहळणारी आणि भुकेल्यांची पर्वा नसणारी स्वाना, माणसाला बॅग वाहणारे जनावर करणारी व्यवस्था यांच्याकडेही तो तिरकस नजरेने पाहतो. शिवाय निनोच्काला चित्रपटाने मूर्ख ठरवलेले नाही. भाकरी आणि प्रेम यांतून तिने भाकरी निवडली, तीही स्वतःसाठी नव्हे. साऱ्या चित्रपटातील सर्वांत उदात्त कृती तिच्याच हातून घडते आणि ती तिच्या विचारांशी एकनिष्ठ राहून घडते.

एका अंड्याचा प्रसंग आठवा. तेथे टंचाईची थट्टा आहे; पण चौघांनी आपापला वाटा एकत्र केल्यावरच ऑम्लेट होते, हेही तेथे दिसते. वाटून घेण्याचा जो आदर्श घोषणांमध्ये कोरडा वाटला, तो या लहानशा मेजवानीत खरा होतो.

७. चित्रपटानंतर

‘निनोच्का’ १९३९ च्या शरद ऋतूत प्रदर्शित झाला. त्याआधी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. बॉम्ब इतक्यात नकोत, हे निनोच्काचे मागणे प्रेक्षकांच्या कानी पडले तेव्हा युरोपात बॉम्ब पडू लागले होते. पुढील वर्षी, जून १९४० मध्ये, पॅरिस जर्मन फौजांच्या ताब्यात गेले.

निनोच्काची भूमिका स्वीडनमध्ये जन्मलेल्या ग्रेटा गार्बो (१९०५-१९९०) या अभिनेत्रीने केली, तर लिऑनची मेल्विन डग्लस यांनी. गार्बो शोकात्म भूमिकांसाठी प्रसिद्ध होती. १९३० साली तिचा पहिला बोलपट आला तेव्हा ‘गार्बो बोलते!’ अशी जाहिरात झाली होती. त्याच चालीवर या वेळी ‘गार्बो हसते!’ अशी जाहिरात झाली. खरे पाहता ती पूर्वीच्या चित्रपटांतही हसली होती. पण असे मनमोकळे, विनोदी रूप नवे होते. चित्रपटाला ऑस्करची चार नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र मिळाला नाही. १९४१ सालच्या चित्रपटानंतर गार्बोने पडद्याचा कायमचा निरोप घेतला.

सोव्हिएत संघात या चित्रपटावर बंदी होती. उलट, १९४८ साली इटलीत निवडणूक होती तेव्हा साम्यवाद्यांच्या विरोधात प्रचाराचे साधन म्हणून तो दाखवला गेला. माणसांना एकत्र हसवू पाहणारी कलाकृती अशी एका बाजूची तलवार बनली. १९५५ साली त्यावर ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ हे संगीत नाटक आले आणि १९५७ साली त्याचाही चित्रपट झाला. १९९० साली ‘निनोच्का’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत झाली.

१९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. चित्रपटातला तो वाद त्या रूपात राहिला नाही. तरीही निनोच्का जुनी वाटत नाही. घरात, शेजारात, कामाच्या ठिकाणी आपल्याहून वेगळ्या मताची माणसे असतातच. त्यांचे मत पटले नाही तरी त्यांच्याबरोबर एका टेबलाशी बसता येते का आणि स्वतःवर हसता येते का, हे हा चित्रपट आपल्याला विचारतो.

८. भाषाभ्यास

‘हस्’ या धातूपासून हास, हास्य हे शब्द तयार झाले. ‘हास’ या शब्दाला उपसर्ग लागून अर्थ कसा बदलतो ते पाहा :

उप + हास = उपहास (कुचेष्टा)
परि + हास = परिहास (थट्टामस्करी)

शब्दार्थ

स्वत्व – स्वतःचे वेगळेपण, आत्मभान
मासला – नमुना
पूर्वाश्रमीचा – आधीच्या आयुष्यातील
ढिम्म – मुळीच न हलणारा
मायना – पत्राच्या आरंभीचे संबोधन
ऐतखाऊ – कष्ट न करता खाणारा

९. तुम्ही काय शिकलात

• १९१७ च्या क्रांतीनंतरच्या परिस्थितीवर ‘निनोच्का’ची कथा आधारलेली आहे.
• विसंगती हे विनोदाचे मूळ असून विनोद शब्दनिष्ठ, स्वभावनिष्ठ आणि प्रसंगनिष्ठ असू शकतो.
• उपहासात दुसऱ्याला हसणे असते, परिहासात दुसऱ्याबरोबर हसणे असते.
• कलाकृतीचा आनंद घेतानाच तिचा कल कोणीकडे आहे, हेही तपासावे लागते.

१०. स्वाध्याय

१. खानावळीतील प्रसंगाचे महत्त्व आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.
२. टोपी, अंडे आणि पत्र या तीन वस्तूंतून निनोच्काच्या मनातील बदल कसा व्यक्त होतो?
३. ‘निनोच्काचा त्याग लिऑनच्या त्यागापेक्षा मोठा होता.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.
४. पुढील शब्द वाक्यांत वापरा : विसंगती, निर्वाळा देणे, पेच टाकणे.
५. उपक्रम : ज्यांची मते तुमच्या मतांशी जुळत नाहीत, तरीही ज्यांच्याशी तुमची मैत्री आहे, अशा एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा. व्यक्तीचे नाव लिहू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दागिन्यांसाठी पुरेशी मोठी तिजोरी तेथेच होती. (आ) ती गेल्यास स्वाना दागिन्यांवरील हक्क सोडणार होती आणि त्यांच्या विक्रीतून देशबांधवांना अन्न मिळणार होते. (इ) मायना आणि सही.
२. (अ) विसंगती. (आ) उपहासात आपण दुसऱ्याला हसतो, परिहासात दुसऱ्याबरोबर हसतो.